हायड्रोजन बसची चाचणी कशी घ्यावी: आगार, पंप, घाट आणि हिशेब

हायड्रोजनवर बस धावते का, हा प्रश्न जुना झाला. युरोपातल्या ‘क्यूट’ प्रकल्पात २००३ पासून ॲमस्टरडॅम, हॅम्बुर्ग, लंडन, माद्रिद, स्टॉकहोम अशा नऊ शहरांत प्रत्येकी तीन फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या संचाच्या) बस रोजच्या मार्गांवर धावल्या. आपल्याकडे पुण्याची केपीआयटी कंपनी आणि सरकारी संशोधन परिषद सीएसआयआर यांनी विकसित केलेली बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात लोकांसमोर आली. सप्टेंबर २०२३ मध्ये टाटा मोटर्सच्या १५ बसपैकी पहिल्या दोन दिल्लीत इंडियन ऑइलकडे चाचणीसाठी आल्या. सरकारी वीज कंपनी एनटीपीसीने लेहमध्ये साडेअकरा हजार फुटांवर अशा बस आणि त्यांचा पंप उभा केला.

चाचणी घ्यायची ती वेगळ्याच प्रश्नासाठी. आपल्या आगारातून, आपल्या मार्गावर, आपल्या मेकॅनिकांच्या हाताखाली, मे महिन्यात एसी चालू ठेवून आणि जुलैत पावसात भिजून ही गाडी रोज पहिल्या फेरीला वेळेवर सुटते का, आणि दर किलोमीटरला किती रुपये खाते? याचे उत्तर उत्पादकाच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ते मिळवण्याची पद्धत पुढे दिली आहे. ती १२ मीटरच्या, ३५० बार दाबाच्या टाक्या छतावर असलेल्या शहरी बससाठी आहे.

गाडी येण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, गाडी कोणती ते स्पष्ट करून घ्या. ‘हायड्रोजन बस’ या नावाखाली दोन वेगळ्या गाड्या येतात. एकीत फ्युएल सेल वीज तयार करतो आणि मोटर चाके फिरवते. दुसरीत हायड्रोजन थेट इंजिनात जळतो. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये मंजूर केलेल्या प्रायोगिक प्रकल्पांत ३७ वाहने आहेत. त्यांतली १५ फ्युएल सेलची आणि २२ इंजिनाची. मंजूर मार्गांत पुणे–मुंबईही आहे. इंजिनवाल्या गाडीच्या धुरात नायट्रोजन ऑक्साइड मोजावे लागतात, पण इंधनाच्या शुद्धतेबाबत ती बरीच सोशिक असते. फ्युएल सेलच्या गाडीला धूर नाही, पण अशुद्ध इंधन तिला सोसत नाही. पुढचे सगळे फ्युएल सेलच्या गाडीबद्दल आहे.

दुसरी, गाड्यांची संख्या. एक-दोन गाड्यांवर घेतलेली चाचणी फसवी असते. दोनपैकी एक गाडी सुट्या भागासाठी तीन आठवडे उभी राहिली की त्या आठवड्यांत उपलब्धता ५०% दिसते, आणि त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. किमान पाच गाड्या आणि किमान पूर्ण एक वर्ष, म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा तिन्ही. पाच गाड्या मिळत नसतील तर काळ दीड-दोन वर्षांचा करा.

तिसरी, तुलनेच्या गाड्या. त्याच मार्गावर, त्याच वेळापत्रकात, तेवढ्याच वयाच्या दोन-तीन सीएनजी किंवा डिझेल आणि दोन-तीन बॅटरीच्या बस नोंदीखाली ठेवा. बॅटरी बसशी तुलना टाळून घेतलेली हायड्रोजनची चाचणी अर्धवट असते, कारण खरेदीच्या टेबलावर खरी स्पर्धा तिच्याशीच आहे.

चौथी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते: नापास कधी म्हणायचे ते आधी लिहून ठेवणे. अमेरिकेच्या ऊर्जा आणि परिवहन खात्यांनी फ्युएल सेल बससाठी ठरवलेली अंतिम उद्दिष्टे मोजपट्टी म्हणून वापरता येतात: उपलब्धता ९०%, मार्गावर बंद पडण्याच्या दोन घटनांमध्ये ४,००० मैल म्हणजे सुमारे ६,४०० किमी, फक्त फ्युएल सेलमुळे बंद पडण्यात २०,००० मैल म्हणजे सुमारे ३२,००० किमी, आणि फ्युएल सेलचे आयुष्य २५,००० तास. पहिल्या तीन महिन्यांत गाड्या हे गाठणार नाहीत. तो काळ दुरुस्त्यांचा आणि शिकण्याचा धरा. चौथ्या महिन्यापासून उपलब्धता ८५% च्या खाली सलग दोन महिने राहिली तर उत्पादकाला लेखी खुलासा आणि सुधारणेची तारीख द्यावी लागेल, असे करारातच घाला.

परवानग्यांना वेळ लागतो. गाडीच्या हायड्रोजन यंत्रणेसाठी एआयएस-१५७ हे मानक आहे आणि त्यानुसार तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-तपासणी संस्था करतात. टाक्या, साठा आणि पंप यांची मंजुरी पेसो या केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेकडून घ्यावी लागते, जिचे मुख्यालय नागपूरला आहे. गाडी आधी आली आणि पंपाची मंजुरी अडकली, तर गाड्या आगारात धूळ खात उभ्या राहतात आणि वॉरंटीचे महिने मात्र संपत जातात. म्हणून पंप भरून दाखवल्याशिवाय गाड्यांचा ताबा घेऊ नका.

कागदावरचे ३०० किमी मोडून पाहा

समजा टाक्यांचे एकूण आकारमान १,२५० लिटर आहे. ३५० बार आणि १५ अंश तापमानाला हायड्रोजनची घनता लिटरला २४ ग्रॅम, म्हणजे टाकीत ३० किलो. चांगली हायब्रीड, म्हणजे फ्युएल सेलला बॅटरीची जोड असलेली, बस १०० किमीला ८ ते ९ किलो खाते. भागाकार केला की तीनशेच्या वर किलोमीटर येतात. माहितीपत्रकात छापला जातो तो हा आकडा.

आता त्यातून वजाबाकी करा. टाकीचे आतले अस्तर प्लास्टिकचे असेल तर ती पूर्ण रिकामी करायची नसते. साधारण २० बार दाब आत ठेवावा लागतो. ते झाले सुमारे २ किलो. वाहतूक कोंडी, वळवलेला मार्ग आणि पंपापर्यंतची रिकामी धाव यांसाठी राखीव ४ किलो. उरले २४.

मग एसी. १२ मीटरच्या बसचा एसी आणि इतर सहायक यंत्रे मे महिन्यात सरासरी ८ किलोवॉट खात असतील आणि गाडीचा सरासरी वेग ताशी १५ किमी असेल, तर दर किलोमीटरला अर्धा युनिटहून जास्त वीज नुसत्या गारव्यावर जाते. एका किलो हायड्रोजनमधून हाती येते साधारण १६ युनिट वीज. म्हणजे १०० किमीला ३ किलो वाढले आणि खप ११ वर गेला. २४ भागिले ०.११, आले २१८ किमी.

शेवटी पंप. घाईत भरल्यावर टाकीतला वायू तापतो. ६५ अंशांवर मीटर ३५० दाखवतो तेव्हा आत ३० नाही, २६ किलोच असतात. तीच गाडी रात्रभर उभी राहून तापमान २७ अंशांवर आले की सकाळी दाब ३१० बारच्या आसपास दिसतो. चालकाला वाटते रात्री गळती झाली. गळती नसते, मुळात टाकी भरलेलीच नव्हती. २६ किलोंतून २ आणि ४ वजा केले, ०.११ ने भागले, तर राहिले १८० किमी.

म्हणून चाचणीचा मार्ग ठरवताना ३०० पासून नाही, १८० पासून सुरुवात करा. मार्गावरच्या पहिल्या महिन्यात रोजचे १५०–१६० किमी द्या, नोंदी पाहा, मग वाढवा. युआयटीपी या सार्वजनिक वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने बसचा खप मोजायला ठरवलेल्या सॉर्ट-१ चक्राचा सरासरी वेग ताशी १२.१ किमी आणि सॉर्ट-३ चा २५.३ किमी आहे. उत्पादक ज्या चक्राचा खप सांगतो ते आपल्या मार्गाच्या वेगाशी जुळते का, हे विचारून घ्या. मुंबईतल्या गर्दीच्या मार्गासाठी सॉर्ट-३ चा आकडा काही कामाचा नाही.

घाटाची स्वतंत्र परीक्षा

पुणे–मुंबई मार्गावर खंडाळ्याचा घाट सुमारे ५०० मीटर उंची चढतो. भरलेली १६ टनांची बस ५% चढावर ताशी ४० किमीने न्यायची तर चढण, टायरचे घर्षण, हवेचा विरोध, मोटरमधले नुकसान आणि एसी मिळून साधारण १३० किलोवॉट लागतात. ७० किलोवॉटचा फ्युएल सेल स्वतःचा हवेचा कॉम्प्रेसर आणि कूलंटचा पंप चालवून प्रत्यक्षात ६०–६५ देतो. उरलेले बॅटरीतून येणार. असा चढ १५ मिनिटे चालला तर बॅटरीतून १६–१७ युनिट उपसले जातात. बॅटरीची वापरता येण्याजोगी क्षमता १५ युनिटच असेल तर घाटाच्या शेवटच्या टप्प्यात गाडी ताशी २० वर रांगू लागते, मागे ट्रकांची रांग लागते आणि प्रवासी घाबरतात.

तपासण्याची पद्धत अशी. वाळूच्या पिशव्या किंवा पाण्याचे ड्रम ठेवून पूर्ण प्रवासीभार भरा, एका प्रवाशाला ६५–७० किलो धरून. पायथ्याला बॅटरी ४०% वर असताना चढ सुरू करा. नेहमीच्या दिवशी ती पूर्ण भरलेली नसतेच. दर किलोमीटरला बॅटरीची टक्केवारी, फ्युएल सेलची शक्ती, कूलंटचे तापमान आणि वेग नोंदवा. हे दुपारी दोन वाजता करा, पहाटे नाही. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता धुरातून निघून जाते. फ्युएल सेलची जवळजवळ सगळी कूलंटमधून रेडिएटरला सोडावी लागते, आणि स्टॅक (फ्युएल सेलमधला वीज तयार करणारा गठ्ठा) ७०–८० अंशांवरच चालतो. बाहेर ४२ अंश असतील तर फरक तीस-पस्तीस अंशांचाच उरतो. रेडिएटरच्या जाळीत कचरा अडकला असेल, तर यंत्रणा स्टॅक वाचवण्यासाठी आपणहून शक्ती कमी करते.

उतारही तपासा. माथ्यावर बॅटरी भरलेली असेल तर मोटरच्या ब्रेकने आलेली वीज जायला जागा नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर पडतो. लेहसारख्या उंचीवर आणखी एक अडचण असते. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश असल्याने तेवढाच ऑक्सिजन पोचवायला कॉम्प्रेसरला जास्त वीज लागते, आणि हिवाळ्यात बंद करताना स्टॅकमधले पाणी पुरते झटकले गेले नाही तर आत बर्फ होते.

पंपावर

बसपेक्षा पंपाने चाचण्या जास्त अडवल्या आहेत. कॉम्प्रेसरचा पडदा फाटतो, नोझल गोठते, साठा अपुरा पडतो. दोन कॉम्प्रेसर नसतील तर एकाच्या दुरुस्तीत सगळा ताफा उभा राहतो. कॅनडातल्या व्हिसलरमध्ये २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी आलेल्या २० बससाठी हायड्रोजन थेट क्युबेकहून, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाहून, ट्रकने येत असे. २०१४ मध्ये त्या बस सेवेतून काढल्या गेल्या. इंधन कुठून, किती किलोमीटरवरून आणि कोणत्या पर्यायासह येणार, हे चाचणीच्या अर्जातच लिहायला हवे.

भरण्याचा क्रम रोज एकच ठेवा:

१. प्रवासी उतरलेले, गाडी बंद, हँडब्रेक लावलेला, चाकाला ठोकळा. मोबाइल गाडीत किंवा खोलीत.
२. अर्थिंगची तार आधी लावा, शेवटी काढा.
३. गाडीकडच्या तोंडाची टोपी काढून आत टॉर्चने पाहा. ओ-रिंगवर (गळती रोखणाऱ्या रबरी कडीवर) चीर, वाळूचा कण किंवा पाण्याचा थेंब असेल तर भरू नका. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, ओ-रिंग बदला.
४. नोझल सरळ बसवा, खटका पूर्ण बसल्याची खात्री करा. पंप आधी थोडा दाब देऊन गळती तपासतो. ते होईपर्यंत हात लावू नका.
५. भरताना दर मिनिटाला दाब आणि टाकीचे तापमान लिहा. टाकीतल्या वायूने ८५ अंश ओलांडता कामा नयेत.
६. झाल्यावर नोझल ओढूनताणून काढू नका. पावसाळी दमट हवेत थंड वायूच्या नोझलवर बर्फ धरते आणि खटका अडकतो. दोन-तीन मिनिटे थांबा किंवा कोरडा नायट्रोजन सोडा. गरम पाणी ओतलेत तर तेच पाणी पुढच्या वेळी आत गोठते.

ज्या पंपात नोझल आणि गाडी इन्फ्रारेडने बोलतात, तिथे गाडीकडची छोटी काच रोज पुसा. काच मळली की पंपाला टाकीचे तापमान कळत नाही, तो सावध पद्धतीने भरतो आणि दोन-तीन किलो कमी भरून थांबतो. ‘पंप कमी भरतो’ अशी तक्रार आली की सगळ्यात आधी ही काच पाहावी.

एका गाडीचे १०–१२ मिनिटांत ३० किलो भरून दाखवणे सोपे आहे. खरी परीक्षा रात्री नऊ ते अकरा या वेळेत, गाड्या परत येतात तेव्हा. पाच गाड्या पाठोपाठ लावा आणि प्रत्येकीचा वेळ व शेवटी भरलेले किलो लिहा. उच्च दाबाचा साठा छोटा असेल तर तिसऱ्या गाडीपासून वेग पडतो आणि पाचवीला अर्धा तास लागतो. पंपाच्या मीटरवरचे किलो आणि टाकीच्या आकारमान-दाब-तापमानावरून काढलेले किलो रोज जुळवा. फरक ४% हून जास्त राहिला तर मीटर तपासायला लावा, नाहीतर प्रति किलोमीटर खर्चाचा सगळा हिशेब चुकतो.

शुद्धता नोझलपाशी मोजा

आयएसओ १४६८७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वाहनांच्या फ्युएल सेलला ९९.९७% शुद्ध हायड्रोजन लागतो, पण ही टक्केवारी फारसे सांगत नाही. महत्त्वाच्या आहेत वेगवेगळ्या मर्यादा: कार्बन मोनॉक्साइड ०.२ पीपीएम (दहा लाखांत ०.२ भाग), एकूण गंधक ०.००४ पीपीएम, अमोनिया ०.१ पीपीएम, पाणी ५ पीपीएम. कार्बन मोनॉक्साइड स्टॅकमधल्या प्लॅटिनमवर चिकटतो आणि व्होल्टेज पडते; स्वच्छ इंधन मिळाले की बरेचसे परत येते. गंधकाने झालेले नुकसान सहसा तसेच राहते.

स्रोत कळला की कशाचा संशय घ्यायचा ते कळते. नैसर्गिक वायूपासून बनवलेल्यात कार्बन मोनॉक्साइड आणि गंधक, पाण्याच्या विद्युत विघटनातून आलेल्यात ओलावा आणि ऑक्सिजन, कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यातल्या जोडउत्पादनात क्लोरीनची संयुगे. नमुना कारखान्यात घेऊन उपयोग नाही. टँकर, कॉम्प्रेसर, नळ्या यांतून काय मिसळले ते नोझलपाशीच कळते. सुरुवातीला, मग दर तीन महिन्यांनी, आणि पंपाच्या प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल येईपर्यंत एकाच गाडीत भरा, पाचही गाड्यांत नाही.

आगार आणि वर्कशॉप

हायड्रोजनला वास नाही, आणि घरगुती गॅससारखा वास मिसळताही येत नाही, कारण ती गंधकयुक्त द्रव्ये स्टॅक खराब करतात. हवेत ४% पासून ७५% पर्यंत तो पेटतो, ठिणगीही अगदी क्षीण पुरते, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. जमेची बाजू अशी की तो झटकन वर जातो. छताला उंचावर सलग खुली वाट असेल तर तो निघून जातो. तुळयांमधल्या बंद खणांत किंवा खोट्या छतावर साचतो. सीएनजीच्या गाड्या असलेल्या आगारांत उंचावर वायुवीजन असतेच, तिथे काम थोडे सोपे. तरी सेन्सर सगळ्यात उंच बिंदूला आणि प्रत्येक खणात लावा. १% ला भोंगा आणि पंखे, २% ला वीजपुरवठा बंद आणि शेड रिकामी, असे ठेवा. छतावरचे दिवे आणि पंखे स्फोटरोधक हवेत.

गाडी शेडमध्ये घेण्याआधी टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करून नळीतला वायू स्टॅकला वापरू द्या. टाकीला किंवा उच्च दाबाच्या नळीला हात लावायचा असेल तर उघड्यावर, उंच नळीतून सावकाश टाकी रिकामी करा आणि नायट्रोजन फिरवा. गळती शोधताना हातातला शोधक आधी, मग साबणाचे पाणी. सांध्याखाली हात धरून एक मिनिट पाहा. सूक्ष्म गळतीत बुडबुडा हळूहळू, मोहरीएवढा, एकाच जागी फुगत राहतो आणि घाईत नजरेतून सुटतो. दाब टिकतो का ते पाहताना तापमान लिहाच: टाकी ५ अंशांनी थंड झाली की ३५० बारमधले पाच-सहा बार गळती नसतानाही उतरतात. प्रत्येक सांधा टॉर्क रेंचने आवळून त्यावर रंगाची रेघ मारा. नॉर्वेत ओस्लोजवळ जून २०१९ मध्ये पंपावर स्फोट झाला, त्याचे कारण साठ्याच्या टाकीवरच्या प्लगची चुकीची जोडणी हे निघाले.

टाकीवरचा उष्णतेने उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह साधारण ११० अंशांना उघडतो आणि वायू वर फेकतो. त्याच्या नळीच्या तोंडावर टोपी असते. धुण्याच्या यंत्राचे ब्रश किंवा झाडाच्या फांद्या ती उडवतात, पावसाचे पाणी आत साचते, गंज धरतो आणि पाहिजे त्या दिवशी वाट बंद असते. रोज छतावर चढून टोप्या मोजाव्यात. गाडी धुताना वरून जोराचा फवारा हवेच्या तोंडावर किंवा हायव्होल्टेजच्या नारिंगी केबलींच्या जोडांवर मारू नये.

एक किलो हायड्रोजनपासून ९ किलो पाणी तयार होते. १०० किमीत ७० लिटरहून जास्त. काही वाफ होऊन जाते, बाकी जिथे गाडी उभी राहते तिथे टपकते. पिटच्या (गाडीखाली काम करायच्या खड्ड्याच्या) कडेला घसरण होते, म्हणून निचरा आणि खडबडीत लाद्या आधी करून घ्या.

अग्निशमन दलाला चाचणीपूर्वी बोलावून टाक्यांची जागा, बंद करायचे बटण आणि हायव्होल्टेज तोडण्याचा स्विच दाखवा. ज्योत विझवण्याआधी वायू बंद करायचा असतो. नुसती ज्योत विझवली तर वायू साचून नंतर स्फोट होतो. थर्मल कॅमेरा आगारात एक तरी असावाच.

रस्त्यावर उतरवण्याचे टप्पे

पहिले दोन आठवडे फक्त आगारात: भरणे, सुरू-बंद, गळती, सेन्सरला नमुना वायू देऊन भोंगा वाजतो का ते पाहणे. मग चार आठवडे वाळूच्या पिशव्यांसह प्रत्यक्ष मार्गावर, थांब्यांवर थांबत, दार उघडत, पण प्रवाशांविना. मग एक महिना प्रवाशांसह, मागे राखीव गाडी तयार ठेवून. त्यानंतर वेळापत्रकातली नेहमीची गाडी. चालक बदलत राहा. चार निवडक चालकांवर घेतलेली चाचणी त्या चालकांची होते. एकाच मार्गावर निरनिराळ्या चालकांच्या खपात १५–२०% फरक पडणे नवल नाही. कोणाचा पाय जड आहे ते शोधून शिक्षा करू नका, शिकवा.

रोजची वही

उपलब्धता मोजताना गाडी का उभी राहिली ते पाच खणांत लिहा: फ्युएल सेल, बॅटरी आणि मोटर, हायड्रोजन टाक्या व नळ्या, साधी बस (दार, एसी, ब्रेक, हवेची गळती), आणि पंप किंवा इंधन नसणे. सुटा भाग येण्याची वाट पाहण्यात गेलेले दिवस वेगळे. हे खण नसतील तर दरवाज्याच्या सिलिंडरपायी उभी राहिलेली गाडीही हायड्रोजनच्या नावावर जमा होते, किंवा उलट पंपाचा दोष झाकला जातो.

स्टॅकचे वय कळायला दर आठवड्याला एकदा, कूलंट गरम झाल्यावर, ठरावीक प्रवाहाला व्होल्टेज लिहा. रोजचा खप पाहून हे कळत नाही, कारण त्यात रहदारी आणि हवामान मिसळलेले असते. सुरुवातीच्या काही शे तासांत थोडी घट होते, मग रेषा सपाट होते. मध्येच उतरली तर इंधनाचा नमुना आणि हवेचा फिल्टर तपासा. हा फिल्टर धुळीबरोबर गंधक, अमोनिया आणि धुरातले वायूही कोळशाच्या थरात अडवतो. कचरा डेपोजवळून किंवा जुन्या डिझेल गाड्यांच्या रांगेतून जाणाऱ्या मार्गावर तो ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच संपतो. स्टॅकला सगळ्यात जास्त झिजवते ते वारंवार सुरू-बंद करणे आणि भाराशिवाय चालू ठेवणे. शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटे काय करायचे, हे चालकाला लिहून द्या.

कूलंटची विद्युतवाहकता महिन्याला मोजा. ती ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या वर गेली की आयन फिल्टर बदला. कोणी चुकून नेहमीचा हिरवा कूलंट ओतला तर ‘इन्सुलेशन दोष’ दाखवून गाडी जागेवर थांबते. ६५० व्होल्टच्या यंत्रणेत ५०० ओम प्रति व्होल्ट म्हणजे ३२५ किलोओम ही इन्सुलेशनच्या रोधाची किमान मर्यादा धरा. पावसाळ्यात ही संख्या रोज लिहा, कारण ती एकदम पडत नाही, आठवडाभर घसरत जाते, आणि वही पाहणाऱ्याला गाडी बंद पडण्याआधी कळते.

रुपये किती

हिशेब सोपा ठेवा: १०० किमीचे किलो गुणिले नोझलवरचा दर. सवलतीचा दर धरू नका. विजेपासून हायड्रोजन बनवून दाबापर्यंत न्यायला किलोमागे ५५–६० युनिट लागतात. ७ रुपये युनिट धरले तरी नुसती वीजच ४०० रुपयांच्या आसपास. १०० किमीला ९ किलो, म्हणजे किलोमीटरला ३६ रुपये, अजून यंत्रांचा घसारा, वाहतूक आणि नफा बाकी. बॅटरी बस १.२ ते १.४ युनिटांत तो किलोमीटर साडेआठ ते दहा रुपयांत कापते. फ्रान्समधल्या माँपेलिए शहराने हाच हिशेब करून जानेवारी २०२२ मध्ये ५१ हायड्रोजन बसची योजना रद्द केली.

म्हणून चाचणीचे मार्ग निवडताना बॅटरी बस जिथे सहज पुरते ते मार्ग सोडून द्या. दिवसाला ३०० किमीच्या पुढची धाव (मध्ये एकदा झटपट पुन्हा भरून), चार्जिंगला थांबायला वेळ नसलेल्या दोन पाळ्या, लांब घाट, कडाक्याची थंडी, किंवा आगाराला मोठी वीजजोडणीच मिळत नाही, अशा जागी हायड्रोजन तपासून पाहण्यात अर्थ आहे. जवळच्या कारखान्यात जोडउत्पादन म्हणून हायड्रोजन निघत असेल तर दराचे गणित बदलते. शुद्धीकरणाचा खर्च धरून ते वेगळे मांडा.

करारात एक कलम आग्रहाने घाला: गाडीच्या संगणकातली सेकंदागणिक कच्ची माहिती परिवहन संस्थेच्या मालकीची असेल, आणि उत्पादक ती दर महिन्याला वाचता येईल अशा स्वरूपात देईल. नाहीतर वर्षाअखेरीस हाती फक्त उत्पादकाने काढलेली सरासरी येते. चाचणी संपल्यावर टाक्यांची तपासणी, पूर्ण रिकामी करणे, वापरलेल्या स्टॅकची परतफेड आणि मेकॅनिकांनी शिकलेल्या दुरुस्त्यांची लेखी पुस्तिका, यांचा खर्च कोणाकडे, हेही त्याच कागदावर सहीआधी येऊ द्या.